क्वीन आणि तिचे न थकणारे चाहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी २४ नोव्हेंबरला, म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला त्या दिवशी, मी फोनवर त्याचा फोटो स्टेटसला ठेवतो आणि पुढचे दोन दिवस तेच ते प्रश्न झेलतो. ऑफिसातले विचारतात, भाचा विचारतो, एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये गाठून विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी संगीताचा अभ्यासक नाही. कॅसेटवर कॅसेट उतरवून घेण्याच्या काळात अडकलेला एक साधा चाहता आहे, तेव्हा उत्तरांत प्रेम थोडं जास्त सांडलं तर सांभाळून घ्या.

क्वीन म्हणजे नेमके कोण कोण?

चार जण. गायक आणि पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर, बेस गिटारवर जॉन डीकन. बँड लंडनमध्ये १९७० साली जमला, डीकन १९७१ मध्ये आला आणि मग वीस वर्षं या चौघांत एकही बदल झाला नाही. रॉक बँडच्या दुनियेत ही अजब गोष्ट आहे. तिथे माणसं येतात-जातात, कोर्टकचेऱ्या होतात. हे चौघे भांडायचे भरपूर, पण फुटले नाहीत. आणखी एक विशेष म्हणजे चौघांनीही स्वतंत्रपणे गाजलेली गाणी लिहिली. शेवटी शेवटी तर कोणाचं गाणं कोणतं यावरून वाद नकोत म्हणून १९८९ च्या अल्बमपासून सगळी गाणी 'क्वीन' या एकाच नावावर टाकली. एकत्र कुटुंबात सातबारा एकाच नावावर ठेवावा, तसं.

फ्रेडी १९९१ मध्ये गेला. मग आज लोक नक्की कशावर प्रेम करतात?

या प्रश्नाचं उत्तर मी एका प्रसंगाने देतो. १ जुलै २०१७, लंडनचं हाइड पार्क. कार्यक्रम ग्रीन डे या अमेरिकी बँडचा. ते मंचावर यायचे आहेत, सुमारे ६५ हजार माणसं उभी आहेत आणि वेळ भरायला ध्वनिक्षेपकावर क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी' लावलंय. मंच रिकामा. आणि अख्खं मैदान ते सहा मिनिटांचं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गातं. मधला ऑपेरासारखा अवघड भागही सोडत नाही. गिटारचा तुकडा आला की तोही तोंडाने म्हणतात. त्यातली बरीच मंडळी फ्रेडी गेला तेव्हा जन्मलीही नसतील.

आपल्याकडे गणपतीत आरती सुरू झाली की कोणी कागद शोधत नाही. कधी पाठ केली तेही आठवत नाही. तसं झालंय त्या गाण्याचं.

आता माझं मत. लोक आवाजावर प्रेम करतात, गिटारवर करतात, फ्रेडीच्या पिवळ्या जॅकेटवरही करतात. पण टिकाऊ गोष्ट वेगळी आहे. या बँडने गाण्यात श्रोत्यांसाठी जागा राखून ठेवली. भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी उचलतात, टाळकऱ्यांवाचून भजन उभंच राहत नाही. क्वीनची निम्मी गाजलेली गाणी अशी आहेत की समोर माणसं नसतील तर ती अपुरी वाटतात. आणि ज्या गाण्यात आपलाही वाटा असतो ते सहजी सुटत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत मी फिरून याच मुद्द्यावर येणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

ते पाय आपटायचं आणि टाळी वाजवायचं गाणं. ते ठरवून केलं होतं का?

अगदी ठरवून. २९ मे १९७७ रोजी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम होता. संपल्यावर बँड आत गेला, पण लोक घरी जाईनात. ते फुटबॉलच्या मैदानात गातात ते गाणं एका सुरात बँडसाठी गाऊ लागले. हे नवंच होतं. त्या काळी रॉकच्या कार्यक्रमात लोक ऐकायचे, डोकं हलवायचे, बेभान व्हायचे, पण बँडला गाऊन दाखवायचे नाहीत.

ब्रायन मे विचार करत राहिला: दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाला करता काय येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. बस. त्यातून 'वी विल रॉक यू' आलं. फ्रेडीलाही तीच ठिणगी मिळाली आणि त्याने 'वी आर द चॅम्पियन्स' लिहिलं. दोन्ही गाणी त्याच वर्षी एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना आली.

पहिल्या गाण्यात ड्रम्स नाहीतच, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत, काही लाकडी फळ्या पडलेल्या होत्या. त्यांवर सगळ्यांनी पाय आपटले. मग तोच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवला. मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. नुसता प्रतिध्वनी लावला असता तर तो बोगद्यातला आवाज वाटला असता. म्हणून त्याने प्रत्येक थराला वेगवेगळा उशीर दिला आणि त्या उशिरांची अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे कोणतेही दोन थर जुळून प्रतिध्वनी होणार नाही. परिणाम असा की ऐकणाऱ्याला वाटतं, आपण हजार माणसांच्या मधोमध उभे आहोत. गिटारसुद्धा अगदी शेवटी येते. तोवर गाणं श्रोत्यांच्या ताब्यात.

ठेका साधा आहे: धप, धप, टाळी आणि चौथी मात्रा मोकळी. ही मोकळी मात्रा पाळता आली की तुम्ही चाहते झालात.

चाहत्यांनी दोन्ही हात वर करून वाजवायच्या टाळ्या कुठून आल्या?

'रेडिओ गा गा' या गाण्यातून. रॉजर टेलरच्या लहान मुलाने बोबड्या बोलीत रेडिओबद्दल काहीतरी उच्चारलं, त्यातून शब्द सुचले. १९८३ च्या नोव्हेंबरात शेपर्टन स्टुडिओत या गाण्याचं चित्रीकरण झालं तेव्हा गर्दी म्हणून भाड्याची माणसं आणली नाहीत. फॅन क्लबच्या सभासदांना निरोप गेला. शेकडो जण आले, त्यांना पांढरे पोशाख दिले आणि दोन टाळ्यांची ती लकब शिकवली. दीड वर्षाने, १३ जुलै १९८५ ला, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एड हा अनेक कलाकारांचा मदतनिधीचा कार्यक्रम झाला. हा क्वीनचा स्वतःचा कार्यक्रम नव्हता, तिकिटं काढताना अनेकांना कोण कोण गाणार हेही माहीत नव्हतं. तरी गाणं सुरू होताच ७० हजारांवर माणसांचे हात एकदम वर गेले. ते दृश्य पाहिलं नसेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी ते पाहून या. बँडला मिळून वीसेक मिनिटंच होती. त्या वीस मिनिटांवर माझ्यासारख्यांनी आयुष्याचे कित्येक तास घालवलेत.

फॅन क्लबची माणसं आधीही अशी कामाला आली होती. १९७७ मध्ये 'चॅम्पियन्स'चं चित्रीकरण लंडनच्या एका नाट्यगृहात झालं. समोरची गर्दी सभासदांचीच. चित्रीकरण आटोपल्यावर बँडने आभार म्हणून तिथल्या तिथे छोटा कार्यक्रम करून टाकला. असं प्रेम एका बाजूचं नव्हतं, एवढंच सांगायचंय.

फॅन क्लब अजून चालू आहे?

चालू आहे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झालेला हा अधिकृत आंतरराष्ट्रीय क्लब कोणत्याही रॉक बँडचा सर्वाधिक काळ चाललेला फॅन क्लब म्हणून गिनेसच्या नोंदीत गेला. सभासदांना वर्षातून काही वेळा मासिक येतं. इंग्लंड-वेल्सच्या समुद्रकाठी सुट्टीच्या वसाहती असतात, ओळीने बसक्या खोल्या आणि मध्ये एक मोठा हॉल. तिथे वार्षिक संमेलनं भरतात. दिवसा गप्पा आणि जुन्या वस्तूंची देवघेव, रात्री क्वीनची गाणी वाजवणारे बँड. फ्रेडीसारख्या खोट्या मिशा लावून फिरणारे पन्नाशीचे बापये आणि त्यांना न हसणारी त्यांची नातवंडं, हे तिथलं नेहमीचं दृश्य.

फ्रेडीची समाधी कुठे आहे? चाहते जातात कुठे?

समाधी नाही. २७ नोव्हेंबर १९९१ ला लंडनच्या केन्सल ग्रीनमध्ये अंत्यविधी झाला, झरथोस्ती धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. अस्थींची रक्षा त्याच्या जिवलग मैत्रिणीकडे, मेरी ऑस्टिनकडे गेली. ती कुठे ठेवली हे तिने त्याच्या इच्छेप्रमाणे कधीही सांगितलं नाही. तिच्याबद्दल चाहत्यांत कितीही कुरकुर असली तरी या एका गोष्टीसाठी मी तिला मानतो.

ठिकाण नसलं की माणसं ठिकाण तयार करतात. पहिलं म्हणजे त्याचं राहतं घर, लंडनच्या केन्सिंग्टनमधलं गार्डन लॉज. लोगन प्लेस नावाच्या शांत गल्लीत ते आहे आणि रस्त्यावरून दिसायचं ते एवढंच: विटांची उंच भिंत आणि एक हिरवं दार. जगभरातून लोक आले आणि त्या भिंतीवर, दारावर लिहून गेले. जपानी, स्पॅनिश, पोलिश, कुठल्या कुठल्या भाषांत. शेजारीपाजारी अर्थातच वैतागले. पण अजूनही ५ सप्टेंबरला, म्हणजे जन्मदिवशी, आणि २४ नोव्हेंबरला तिथे फुलं दिसतात.

दुसरं ठिकाण स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, जिनिव्हा सरोवराच्या काठावर. क्वीनने १९७८ मध्ये तिथे ध्वनिमुद्रण केलं आणि पुढल्या वर्षी तो माउंटन स्टुडिओ विकतच घेतला. कॅसिनोच्या इमारतीत असलेल्या या स्टुडिओत फ्रेडीने शेवटची गाणी गायली. तेव्हा तो इतका थकला होता की एकेक ओळ जपून गावी लागे. 'जमेल तेवढं माझ्याकडून गाऊन घ्या, बाकीचं तुम्ही पुरं करा' असा त्याचा एकंदर सूर होता आणि उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये ते पुरं केलं. सरोवराकाठी त्याचा पुतळा आहे, इरेना सेड्लेच्का या शिल्पकर्तीने घडवलेला, २५ नोव्हेंबर १९९६ ला उभारलेला. मूठ आकाशात, तोंड पाण्याकडे. सप्टेंबरात तिथे त्याच्या जन्मदिवसाच्या आसपास चाहत्यांची जत्रा असते.

तिसरं ठिकाण फारसं कोणाला माहीत नसतं. हीथ्रो विमानतळाजवळचं फेल्टम. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, फ्रेडीचं बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं आणि इथल्या एका साध्या घरात राहिलं. २०१६ मध्ये त्या घराला निळी स्मृतिपाटी लागली. चकचकीत काही नाही, म्हणूनच मला ते आवडतं.

आणि पाचगणी?

हो, पाचगणी. मराठी माणसाकडून हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात 'आपला' हा सूर असतो. फ्रेडीचं मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील पारशी, आडनावात बुलसर म्हणजे आजचं वलसाड. आठ वर्षांचा असताना त्याला बोटीने मुंबईमार्गे पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवलं. सुट्टीत मुंबईला आजी आणि मावशीकडे. 'फ्रेडी' हे नाव त्याला शाळासोबत्यांनी दिलं. तिथेच तो पियानो शिकला, टेबल टेनिस आणि बॉक्सिंग खेळला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड जमला. त्यात तो गायक नव्हता बरं का, पियानो वाजवायचा. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत.

मी एकदा वाईहून एसटीने पसरणीचा घाट चढून गेलो होतो. शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो तर वॉचमनकाकांनी विचारलं, "कुणाला भेटायचंय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुकाट्याने स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं आणि परत आलो. तुम्हीही जाणार असाल तर लक्षात ठेवा, ती चालती शाळा आहे, मुलं शिकतायत. बाहेरून बघा, टेबललँडवर जा आणि एवढ्या धुक्यात, घरापासून समुद्रापार, आठ वर्षांचं पोर पहिल्या रात्री कसं झोपलं असेल याचा विचार करा. मला तरी त्या जागेचा तेवढाच अर्थ लागला.

मग तो 'भारतीय' होता असं म्हणायचं का?

तो स्वतः या विषयावर फारसं बोलत नसे. पारशी, झांझिबारचा, पाचगणीत वाढलेला, लंडनचा, हे सगळं खरं आहे आणि त्यातलं एकच उचलून झेंडा लावण्यात मला रस नाही. झांझिबारवाले त्याच्या नावाने पर्यटक बोलावतात, आपण पाचगणी दाखवतो, फेल्टमवाल्यांकडे पाटी आहे. प्रत्येकाला थोडा थोडा मिळाला. क्वीन फ्रेडीसह भारतात कधीच वाजली नाही, हे मात्र जिव्हारी लागतं.

दुसऱ्या कोणत्या देशांत एवढं वेड आहे?

सर्वांत आधी जपान. एप्रिल १९७५ मध्ये बँड टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरला तर हजारो मुली स्वागताला. इंग्लंडमध्ये तेव्हा त्यांची नुकती कुठे ओळख होत होती, खिशात पैसे नव्हते आणि इथे राजेशाही थाट. ते ऋण त्यांनी फेडलं: १९७६ च्या अल्बममध्ये ब्रायन मेने एक गाणं जपानी चाहत्यांसाठी लिहिलं आणि त्याचं ध्रुवपद फ्रेडीने चक्क जपानीत गायलं.

आणि मग दक्षिण अमेरिका. १९८१ मध्ये ब्यूनस आयर्सच्या फुटबॉल मैदानावर आणि साओ पाउलोच्या मोरुम्बी स्टेडियमवर क्वीनने कार्यक्रम केले. मोरुम्बीत एका रात्री १ लाख ३१ हजार माणसं होती. तिथे एक गोष्ट घडली. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे फ्रेडीचं हळवं गाणं, सोबतीला फक्त ब्रायनची बारा तारांची गिटार. स्पॅनिश-पोर्तुगीज बोलणाऱ्या त्या गर्दीने ते इंग्रजीतून, शब्दन्‌ शब्द गायलं. फ्रेडीने गाणं थांबवलं आणि नुसता हात हलवत उभा राहिला. १९८५ मध्ये रिओत पुन्हा तेच. तेव्हापासून त्या गाण्याचा मालक प्रेक्षक. आजही ब्रायन मे एकटा स्टुलावर बसून ते छेडतो, लोक गातात आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी येतो. पंचाहत्तरी ओलांडलेला तो म्हातारा, पांढऱ्या कुरळ्या केसांचा, डोळे पुसतो. दर वेळी तेच घडतं हे माहीत असूनही माझा गळा दाटतो. बायको हसते.

ब्रायन मेची ती गिटार घरी बनवलेली आहे, हे खरं?

खरं. १९६३ मध्ये गिटार घ्यायची ऐपत नव्हती म्हणून सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांसोबत ती घरीच बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. गिटारची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडाची, त्यात लाकूडकिड्यांची भोकं होती ती आगकाडीने बुजवली. स्वर थरथरवणाऱ्या दांडीला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा आणि टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. पट्टीवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. ही 'रेड स्पेशल' तो आजही वाजवतो, तीही जुन्या सहा पेनीच्या नाण्याने. कित्येक चाहत्यांनी घरी तशीच गिटार बनवण्याचा घाट घातला आहे. अशा एका प्रयत्नात आमच्या ओळखीतल्या घरचा पाटही गेला.

अॅडम लँबर्ट फ्रेडीच्या जागी आला, ते चाहत्यांना कसं चाललं?

सगळ्यांना नाही चाललं. आधी गायक पॉल रॉजर्सबरोबर २००४ ते २००९ प्रयोग झाला. आवाज दमदार, पण बाज वेगळा. मग अमेरिकी टीव्ही स्पर्धेतून आलेला लँबर्ट, २०१२ पासून पूर्ण कार्यक्रमांत. नावच बघा: 'क्वीन अधिक अॅडम लँबर्ट'. मधलं ते 'अधिक' महत्त्वाचं. तो मंचावरून सांगतो की मी फ्रेडी नाही, मीही तुमच्यासारखा चाहताच आहे. हे त्याने पहिल्याच झटक्यात मान्य केलं म्हणून निभावलं. माझा एक मित्र अजूनही त्याला ऐकत नाही, आणि मी त्याला आग्रह करत नाही.

जॉन डीकन कुठे असतो?

घरी. फ्रेडी गेल्यावर त्याचं मन उडालं. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला तो क्वीनबरोबर शेवटचा वाजवायला उभा राहिला आणि निवृत्त झाला. मुलाखत नाही, सत्काराला हजेरी नाही. चाहत्यांमधला अलिखित नियम: त्याच्या मागे लागायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' याच गप्प माणसाचं, हे नव्या लोकांना सांगायला मला फार आवडतं.

२०२३ च्या लिलावाने चाहते नाराज का झाले?

मेरी ऑस्टिनने गार्डन लॉजमधल्या वस्तू विकायला काढल्या. लंडनच्या सदबीज या लिलावगृहाने आधी महिनाभर त्या सगळ्यांना फुकट पाहू दिल्या आणि १ लाख ४० हजारांच्या आसपास माणसं रांगा लावून गेली. मग बोली. पियानो सुमारे १७ लाख पौंडांना, 'बोहेमियन रॅप्सडी'चे हाताने लिहिलेले कागद सुमारे १४ लाखांना. मिशी विंचरायचा छोटा चांदीचा कंगवासुद्धा दीड लाखावर गेला. ब्रायन मेने लिहिलं होतं की मला हे बघवत नाही.

मला बोचलं ते एकच. ते हिरवं दार, चाहत्यांनी लिहिलेलं, तेही विकलं गेलं. ४,१२,७५० पौंड. म्हणजे किंमत आली ती दारावरच्या अक्षरांमुळे आणि ती अक्षरं लिहिणारे होते बस-ट्रेनने आलेले साधे लोक. मालकी कुणाची, हा प्रश्न वकिलाला विचारू नका.

क्वीनबद्दल चाहत्यांना लाज वाटावी असं काही?

आहे. १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असताना ते सन सिटीला जाऊन वाजले. ब्रिटनमधल्या वादक संघटनेने दंड केला, टीका झाली आणि ती रास्तच होती. 'आम्ही राजकारण करत नाही' हे उत्तर तेव्हाही पांगळं होतं. हा डाग आहे आणि चाहत्यांनी तो झाकू नये.

समीक्षकांनी मात्र त्यांना बाकी कारणांसाठी झोडपलं: भपका फार, नाटकीपणा फार. १९७५ मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी' हे जवळपास सहा मिनिटांचं गाणं रेडिओ वाजवणार नाही असं रेकॉर्ड कंपनीला वाटत होतं. केनी एव्हरेट या निवेदकाने एका शनिवार-रविवारी ते चौदा वेळा वाजवलं आणि सोमवारी लोक दुकानात जाऊन मागू लागले. गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा ब्रिटनमध्ये ७० लाख प्रतींचा टप्पा गाठणारा पहिला अल्बम ठरला, तेही २०२२ मध्ये. यातलं काहीही समीक्षकांना विचारून झालं नाही.

सिनेमातलं सगळं खरं आहे का?

नाही. २०१८ च्या 'बोहेमियन रॅप्सडी' या सिनेमात लाइव्ह एडच्या आधी बँड फुटलेला दाखवलाय. प्रत्यक्षात मे १९८५ पर्यंत ते एकत्र दौऱ्यावर होते. एचआयव्हीचं निदानही त्यात दोन वर्षं आधी आणलं आहे. फ्रेडीने जगाला सांगितलं ते २३ नोव्हेंबर १९९१ ला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. तरी त्या सिनेमाने भाच्यासारखी एक पिढी आमच्याकडे पाठवली, तेव्हा तक्रार किती करायची.

त्याच्या नावाने काही काम चालतं का?

एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीवर ७२ हजार लोकांसमोर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट निघाला. जगभर एचआयव्ही-एड्सच्या कामाला तो मदत करतो. वाढदिवसाला चाहते मिशी लावून कामावर जातात आणि देणगी गोळा करतात. मी एकदा लावून गेलो. साहेबांनी काहीही न विचारता सह्या केल्या.

आमच्या घरी कोणाला माहीत नाही. कुठून सुरुवात करू?

इतिहास सांगू नका. जेवणं झाल्यावर सगळ्यांना खुर्चीतच बसवा. पाय दोनदा, टाळी एकदा, चौथी मोकळी. आजीला टाळी तेवढी सांभाळायला द्या. जमलं की लाइव्ह एडचा वीस मिनिटांचा भाग दाखवा, मग १९७४ चा 'शीअर हार्ट अटॅक' हा अल्बम पूर्ण ऐकवा, आणि 'इन्यूएंडो' हा अल्बम मात्र पावसाळी रात्रीसाठी ठेवा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.